मदत हवी आहे : डावीकडचं कार्पेट ओलं आणि तीन दिवसांत बॅटरी बसते
गाडी जुनी, सनरूफवाली. पाऊस झाला की पुढच्या डाव्या सीटसमोर कार्पेट भिजतं. कूलंट कमी होत नाही. गाडी तीन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करतो. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची, नवीन. गाडी लॉक करून तासाभराने निगेटिव्हच्या वायरमध्ये मल्टिमीटर जोडला तर ०.४ अँपिअर दिसतात. डाव्या दाराचं सेंट्रल लॉकही मधूनमधून दगा देतं. हे दोन बिघाड की एकच? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
एकच धरून चला, आणि आधी पाणी थांबवा. नाहीतर कार्पेटखालचा दुरुस्त केलेला कनेक्टर (वायरींचा जोड) पाण्याने पुन्हा सडेल. हीटर कोअर (केबिन गरम करणारा, कूलंट वाहणारा छोटा रेडिएटर) गळत असता तर ओल चिकट लागली असती, गोडसर वास आला असता. एसीचा ड्रेन (त्याचं पाणी बाहेर सोडणारी नळी) तुंबला असता तर कोरड्या दिवशीही भिजलं असतं.

वायपरखालची जाळी काढून पानांचा गाळ उपसा. तिथे पाणी साचलं की ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं. मग सनरूफच्या प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी ओता, ते तिथल्या नळीतून गाडीखाली पडायला हवं. तुंबलेल्या नळीत कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका, आतला जोड निसटतो. जाड नायलॉनची दोरी हळूहळू सरकवा. दारात पाणी शिरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. पण ट्रिममागचा प्लास्टिकचा पडदा सुटला असेल तर ते थेट कार्पेटवर येतं.

एवढ्यावर सापडलं नाही तर बाहेरून पाण्याच्या पाइपची मंद धार खालून वर न्या, एकेका जागी ५ ते १० मिनिटं, आत कोणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं हवं. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळ्याच सांध्यांवरून जातो आणि काहीच कळत नाही.

प्रतिसाद २
०.४ म्हणजे दिवसाला ९.६ अँपिअर-अवर, तीन दिवसांत जवळपास २९. बॅटरी बसणारच. झोपलेल्या गाडीत (लॉक केल्यावर आतली इलेक्ट्रॉनिक्स शांत झाली की) ०.०५ च्या आत हवं.

फ्यूज उपसत बसू नका, परत लावताना कंट्रोल युनिट जागं होतं आणि आकडा फसवतो. दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा, म्हणजे दार उघडं असूनही गाडी झोपेल. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना टेकवा. शून्य नसेल त्या सर्किटमधून करंट जातोय. अँपिअरसाठी मीटर जोडलेला असताना इग्निशन मात्र चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

लॉकसाठी दार आणि खांब यांच्यामधला रबरी बूट मागे सरकवा. रोजच्या उघडझापीने तिथल्या वायरी आतून तुटतात, बाहेरून धड दिसतात. एकेक ओढून बघा, तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते.

प्रतिसाद ३
कार्पेट उचलायला सीट काढावी लागली तर बॅटरी सोडवून १० मिनिटं थांबा, मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर काढा. तो एअरबॅगचा असतो. कार्पेटखालच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज दिसला तर ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनर. खड्डे पडलेली पिन बदलाच. तिथलाच अर्थचा बोल्ट सोडून पत्रा चकचकीत घासा.

खालचा फोम बाहेर काढून वाळवा. तो कितीतरी पाणी धरून ठेवतो, त्यामुळे गळती थांबल्यावरही कार्पेट ओलंच लागतं आणि माणूस पुन्हा चुकीच्या जागी शोधत राहतो. दोन पाऊस कोरडे गेल्याशिवाय कार्पेट परत बसवू नका.