लष्करी नोंदणी राहिली म्हणून नागरिकत्व अडवणं योग्य आहे का?

डलासकर:
माझा भाचा सोळाव्या वर्षी आई-वडिलांबरोबर ग्रीन कार्डवर आला. आता 28 वर्षांचा आहे. एन-400, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरताना प्रश्न आला: 18 ते 26 या वयात अमेरिकेत राहिलात का, आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीच्या सैन्यभरतीसाठी पुरुषांची यादी ठेवणारं सरकारी खातं) नाव नोंदवलंत का? नाही नोंदवलं. घरात कुणाला पत्ताच नव्हता. 26 पूर्ण झाल्यावर ती नोंदणी करताही येत नाही. आता याने मुद्दाम टाळलं नाही हे यालाच सिद्ध करायचंय! सक्तीची भरती 1973 मध्ये थांबली, त्यानंतर या यादीतून एकालाही बोलावलेलं नाही. मग तिच्यात नाव नाही म्हणून नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'चांगल्या चारित्र्या'वर शंका कशाला?

बापू_फ्रीमाँट:
शंका घेणारच. नागरिकत्वाच्या शपथेत काय म्हणायचंय ते वाचलंत का? कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र हाती धरीन. ती शपथ चालते, पण दोन मिनिटांचा फॉर्म जड जातो? बरं, सक्ती फक्त आपल्यावर नाही. इथे जन्मलेल्या पोरालाही नोंदणी करावीच लागते, नाहीतर केंद्र सरकारची नोकरी विसरा.

डलासकर:
बापू, त्याची नोकरी जाईल, पासपोर्ट नाही जाणार. शिक्षा सारखी कुठे आहे? आणि नियम किती सरळ आहे बघा: एच-4 वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायकामुलांचा व्हिसा) असेपर्यंत नोंदणीची गरज नाही, तोच मुलगा विशीत ग्रीन कार्डवर गेला की बंधनकारक. बरेच आईबाप आधीचंच खरं धरून बसतात.

मीनल_एडिसन:
आधी व्यवहाराचं बोलते. 26 च्या आत असाल तर आजच ऑनलाइन नाव घाला, विषय संपला. 26 ते 31 मध्ये असाल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून स्टेटस इन्फर्मेशन लेटर, म्हणजे तुमच्या नोंदणीच्या स्थितीचं पत्र, मागवा आणि का राहिलं ते प्रतिज्ञापत्रावर खरं खरं लिहा. 31 नंतर सहसा अडत नाही, कारण चारित्र्य मागच्या पाच वर्षांचं बघतात. बायको अमेरिकन नागरिक असेल आणि त्या आधारावर अर्ज असेल तर तीन वर्षांचं, म्हणजे 29. एकतिसाव्या वर्षी जे आपोआप धुऊन निघतं ते अठ्ठाविसाव्या वर्षी एवढं गंभीर कसं, हे मला तरी कळलेलं नाही.
आणि हो, माझ्या मुलीला यातलं काहीच लागू नाही. फक्त पुरुषांची नोंदणी चालते, असं सुप्रीम कोर्टाने 1981 मध्ये सांगून ठेवलंय.

बापू_फ्रीमाँट:
मीनलताई, मुदत तर सगळ्याच चुकांना असते. म्हणून चूक चूक राहत नाही का? नोंदणी 1975 मध्ये बंद केली होती, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टरनी 1980 मध्ये परत सुरू केली. यादी अडचणीच्या दिवसासाठीच असते. 'कधी बोलावलं नाही' हा काय मुद्दा झाला?

जुना_वाचक:
बापू, शस्त्र धरण्याच्या अटीने या देशाने एकदा कसा घोळ घातलाय ते ऐका. रोझिका श्विमर नावाची हंगेरीची बाई, पन्नाशीची, युद्धविरोधी. शस्त्र धरणार नाही म्हणाली आणि 1929 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचं नागरिकत्व नाकारलं. तिला सैन्यात घेतलं कुणी असतं? 1946 मध्ये कोर्टाने ती भूमिका सोडली. आज धर्मश्रद्धेमुळे शस्त्र नको असेल तर शपथेतला तो भाग वगळता येतो. म्हणजे प्रत्यक्ष लढायला नकार देणाऱ्याला वाट आहे, आणि फॉर्म राहून गेलेल्याने खुलासे देत बसायचं.

बापू_फ्रीमाँट:
वाट आहे ती उघड सांगणाऱ्याला. आणि ज्याला शस्त्र नको त्यालाही नोंदणी चुकत नाही. 'माहीत नव्हतं' हे कुणीही म्हणेल, म्हणून तर पुरावा मागतात.

डलासकर:
माहीत नसल्याचा पुरावा कसा असतो, तेवढं सांगा.

मीनल_एडिसन:
नोंदणी करा असं पत्र आलं होतं का, कोणत्या पत्त्यावर, शाळेत कुणी सांगितलं होतं का, हे सगळं प्रतिज्ञापत्रात येऊ दे. डलासकर, मुलाखतीची तारीख आली असेल तर भाच्याला वकिलाशिवाय पाठवू नका.