इन्फ्रारेड पॅच: वरून जळतो, आत थंडच, आणि कडा उघडतात. पॅनल मोठं घ्यावं का?

चर_पॅच
नमस्कार मंडळी. रस्ता ४० मिमी बीसी (वरचा डांबरी थर), खाली ५० मिमी डीबीएम (त्याखालचा जाड खडीचा डांबरी थर), डांबर व्हीजी-३० प्रतीचं. पाइपलाइनच्या चरावरचे जुने पॅच सव्वा मीटर बाजूच्या चौकोनी एलपीजी पॅनलने (वरून इन्फ्रारेड उष्णता देऊन जुना थर मऊ करणारा बर्नर) दुरुस्त करतोय. सलग आठ मिनिटं ठेवलं की तापमान मोजायच्या गनवर २०० अंश दिसतात, निळा धूर निघतो, तरी दाताळं २० मिमीखाली शिरत नाही. पॅच सुरेख दिसतो, पण पुढे कडेने केसाएवढी फट पडते आणि खडी सुटते.

गरम_माल
पॅनल मोठं घेऊ नका, आणखी जळेल. डांबरी थरातून उष्णता सावकाश उतरते. वरून कितीही जोर लावला तरी ती घाई करत नाही. निळा धूर म्हणजे डांबर जळतंय. जळलेलं डांबर कडक होतं, खडी धरत नाही.

तीन मिनिटं पॅनल खाली, दोन मिनिटं बाजूला, असं तीन-चार वेळा करा. गन फक्त कातडीचं तापमान दाखवते, म्हणून काट्याचा थर्मामीटर ४० मिमी खुपसा. तिथे १०० च्या पुढे आणि वर १८० च्या आत असेल तरच दाताळं घाला. वरचा काळा, कुरकुरीत पापुद्रा आधी खरवडून फेका. तो मिसळला की पॅच तिथूनच उखडतो.

आता कडा. तापलेल्या चौकोनाच्या चारही बाजूंनी १० सेंमी पट्टा तापलेला, पण न उकरलेला राहिला पाहिजे. नवा माल या गरम पट्ट्याला चिकटतो, सांधा उरतच नाही. तुम्ही बहुधा पॅनलच्या टोकापर्यंत उकरताय, म्हणजे गरम माल थंड भिंतीला टेकतोय. सव्वा मीटरच्या पॅनलमध्ये उकरायची जागा फार तर १.०५ मीटर.

रिज्युव्हिनेटर (जुनं कडक डांबर मऊ करणारं तेल) हलका फवारा, थारोळं नको. जास्त झाला तर उन्हाळ्यात पॅच सरकतो. मग प्लांटचा गरम माल. दर चौरस मीटरला, १० मिमी जाडीमागे २३-२४ किलो धरा. रोलिंगआधी ४० मिमीचा थर ५० मिमी दिसायला हवा. रोलर आधी कडांवर, बराचसा जुन्या रस्त्यावर ठेवून, मग मध्यावर. माल ९० अंशांखाली उतरण्याआधी रोलिंग संपवा, आणि ६० च्या खाली येईपर्यंत गाडी सोडू नका.

ओल_बघा
वरच्यात भर: पावसानंतर लगेच काम करताय का? एक किलो पाण्याची वाफ व्हायला लागते तेवढ्या उष्णतेत वीसेक किलो माल सव्वाशे अंशांनी तापतो. ओल्या थरात काटा १०० च्या आसपास अडून बसतो आणि वर मात्र जळत राहतं. पांढरी वाफ दिसली की पॅनल उचला, वाफ जाऊ द्या.

सिलिंडरही बघा. सलग चालवल्यावर १९ किलोच्या बाटलीवर दव किंवा बर्फ धरलं, तर गॅस कमी बनतोय. दोन बाटल्या जोडा.

चर_पॅच
कडा नेमक्या तशाच उकरतोय, टोकापर्यंत. पावसाळ्यात टाकलेला कोल्डमिक्स (न तापवता भरायचा डांबरी माल) काही पॅचमध्ये आहे. तो तसाच तापवून चालेल?

गरम_माल
नाही. आधी काढून टाका. कटबॅकवाला, म्हणजे द्रावणाने पातळ केलेल्या डांबराचा असेल तर त्यातलं रॉकेलसारखं द्रावण पेट घेऊ शकतं, आणि उरलेला माल मऊच राहतो. मॅस्टिकचा (ओतून टाकलेल्या घट्ट डांबरी थराचा) तुकडाही वेगळा काढा.

आणि चर खाली बसलाय का ते तपासा. जड गाडी गेल्यावर भेगांतून चिखलाचं पाणी वर येत असेल किंवा जाळीसारख्या भेगा असतील, तर दोष खालच्या भरावात आहे. इन्फ्रारेड वरच्या ५०-६० मिमीचंच काम करतं. तिथे चर उघडून १५ सेंमीच्या थरांत कुटून भरा. ड्रेनेजच्या उघड्या किंवा जाळीच्या झाकणाजवळ बर्नर पेटवू नका. आत गॅस साचलेला असतो.