मदत हवी आहे: चिंचोके मोजण्याच्या पुढे काय घेऊ?
नमस्कार. मी अंगणवाडीत 3 ते 6 वर्षांच्या मुलांना शिकवते. बरीच मुलं 20 पर्यंत आकडे घडाघडा म्हणतात, पण समोर 7 चिंचोके ठेवले की बोट एकीकडे नि आकडा भलतीकडे. म्हणून अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये एका खळग्यात एकच चिंचोका ठेवायचा, ठेवताना आकडा म्हणायचा, असं घेते. ते छान जमतंय आणि अंगठा-तर्जनीची पकडही पक्की होतेय. मटार सोलणं, पुठ्ठ्याला कपड्यांचे चिमटे लावणं हेही चालू आहे. पालकांना लवकर पेन्सिल हवी असते. मला मात्र मनापासून वाटतं, आधी बोटांत ताकद येऊ दे.

अडतंय ते आकृतिबंधात. लाल-पिवळा-लाल-पिवळा मणी ओवून दाखवले की हुबेहूब नक्कल करतात, पण पुढचा कुठला हे सांगता येत नाही. तुम्ही हे कसं घेता? सामान आसपास मिळणारं, बिनखर्चाचं हवं. शिवाय दीड-दोन वर्षांची धाकटी भावंडंही येऊन बसतात आणि हाती लागेल ते तोंडात घालतात, त्यामुळे मणी-चिंचोक्यांऐवजी मोठ्या वस्तूंचं काही असेल तर जरूर सांगा.