चुसॉकला सोलमध्ये आहोत, हानोकमधला उत्सव कुठं बघावा?

मंगळवारपेठकर_ताई

नमस्कार. माझी लेक दक्षिण कोरियात, सोलमध्ये शिकते. यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि सासूबाई तिच्याकडे निघालोय. २५ सप्टेंबरला तिथं चुसॉक आहे, म्हणजे त्यांचा सुगीचा आणि पितरांना नैवेद्य दाखवायचा सण. नेमकी त्याच दिवशी आपली अनंत चतुर्दशी. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यापासून विसर्जनाची मिरवणूक कधी चुकवलेली नाही, यंदा चुकणार. म्हणून तिथला सण तरी मन लावून बघायचाय.

लेक म्हणते, जुन्या लाकडी घरांमध्ये, हानोकमध्ये, उत्सव असतो. खेळ, गाणी, पदार्थ करून बघणं वगैरे. तिनं पाठवलेल्या व्हिडिओत बुकचोन नावाच्या भागातली नुसती गर्दी दिसली. सासूबाईंचं वय ७४, गुडघे दुखतात, आणि त्या शुद्ध शाकाहारी. त्यांचं सगळं आयुष्य वाड्यात गेलंय, त्यामुळं "ती घरं आतनं बघायला मिळाली पाहिजेत" हा त्यांचा हट्ट आहे. कुठं जावं? कुणी स्वतः जाऊन आलंय का?

चौकट_आणि_खण

ताई, मी सुतार. वडील सुतार, आजा सुतार. जुने वाडे उतरवणं आणि जमलं तर दुरुस्त करणं हे माझं काम. २०२४ ला मुलाकडे दोन महिने होतो, सप्टेंबरच्या मध्यापासून. त्या वर्षीही चुसॉक आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला आली होती. तेव्हा मिरवणूक चुकल्यावर काय वाटतं ते मला माहीत आहे.

उत्सवासाठी नामसानगोलला जा. चुंगमुरो स्टेशनवर उतरायचं, मेट्रोची ३ आणि ४ नंबरची लाईन. तिथून चालत पाच-सात मिनिटं. सोलमध्ये ठिकठिकाणी असलेली पाच जुनी घरं तिथं उभी केलीत, चार उतरवून आणलेली आणि एक फार जीर्ण होतं म्हणून हुबेहूब नव्यानं बांधलेलं. १९९८ पासून ती सगळ्यांना खुली आहेत. तिकीट नाही. सोमवारी बंद असतं. चुसॉकला तिथं कार्यक्रम असतात, वेळा लेकीला आधी बघून ठेवायला सांगा.

बुकचोनला लोक राहतात हो. आपल्या दारासमोर रोज हजार माणसं फोटो काढायला लागली तर काय होईल ते मनात आणा. तिथल्या काही गल्ल्यांत आता पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच वेळ आहे. मार्च २०२५ पासून दंडही लागतो, १ लाख वॉन, म्हणजे साधारण सहा हजार रुपये. तिथलं बेक इन-जे यांचं घर मात्र जरूर बघा. १९१३ चं घर, २०१५ पासून ते संग्रहालय म्हणून उघडलंय.

आता घराबद्दल. सासूबाई वाड्यातल्या आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोरियात घर 'कान'वर मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक कान. मुलाच्या मित्रानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, कारण आपण काय म्हणतो? खण. पाच खणी सोपा, सात खणी माडी. शब्दांचं जुळणं योगायोगाचं असेल, पण मोजायची रीत तीच. मोठ्या सरदाराचं घर सांगायचं तर ते 'नव्याण्णव कानांचं घर' म्हणतात. माझ्या आज्याला हे ऐकवायला पाहिजे होतं.

मधल्या लाकडी सोप्याला ते देचोंग म्हणतात. जमिनीपासून उचललेला, खालून हवा खेळती. २०२४ च्या चुसॉकला सोलमध्ये ऊन मी म्हणत होतं. अंगणात उभं राहवत नव्हतं, आणि तिथं सोप्यावर बसलो तर पाठीला गार वारा. पुढचं अंगण ते मोकळं, नुसत्या मातीचं ठेवतात. त्याला मादांग म्हणतात. ते तापतं, तिथली हवा वर जाते, आणि मागच्या झाडांच्या सावलीतली गार हवा सोप्यातून पुढं ओढली जाते. आपल्या चौकाचं आणि परसाचं असंच नातं होतं. चौकावर पत्रा घातला की घर घामेजतं, हे मी गिऱ्हाइकांना किती वर्षं सांगतोय.

सगळ्यात जास्त वेळ मी दारांपाशी होतो. सोपा आणि खोली यांच्यामध्ये दारांच्या फळ्या असतात. त्या एकमेकींवर दुमडायच्या, आख्ख्या वर उचलायच्या आणि छतातून लोंबणाऱ्या लोखंडी कड्यांवर आडव्या टेकवायच्या. भिंतच नाहीशी होते! खोली आणि सोपा एक. त्यामुळंच त्या घरात उत्सव मावतो. आतली माणसं, सोप्यावरची आणि अंगणातली अशी सगळी एकाच बैठकीत येतात. दारांच्या जाळीला आतून हानजी कागद लावलेला असतो, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला. हिवाळ्याआधी कागद बदलायची जुनी पद्धत आहे. मुठीजवळ हात लागून फाटतो म्हणून तिथं दुहेरी कागद, आणि मधे एखादं शेवंतीचं फूल किंवा झाडाचं पान ठेवायचं. उजेडात ते फूल दिसतं.

जमीन गरम असते हे ऐकलं असेल. त्याला ओंदोल म्हणतात. चुलीचा जाळ आणि धूर खोलीच्या दगडी फरशीखालच्या बोगद्यांतून फिरवायचा आणि पलीकडच्या धुराड्यातून सोडायचा. स्वयंपाक आणि ऊब एकाच लाकडात. सप्टेंबरात ते तुम्हाला जाणवणार नाही. मी नोव्हेंबरात जोंजू गावातल्या हानोकमध्ये एक रात्र राहिलो. तिथं आता लाकडं जाळत नाहीत, बॉयलरचं गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरतं. माझी कंबर कामामुळं गेलेली आहे. त्या रात्री मी कूस न बदलता झोपलो.

जोंजूतच एका सोप्यावर पान्सोरी ऐकली. एक गाणारी बाई, हातात पंखा, आणि एक ढोलवाला. बस्स. कथा तासन्‌तास चालते. मधेमधे ढोलवाला आणि बसलेली माणसं "ओलसीगू!" म्हणून साथ देतात. शाहीर रंगात आला की झीलकरी "जी जी रं जी" धरतात ना, तसंच. भाषा एक अक्षर कळली नाही, तरी तिसऱ्या वेळेला मीही ओरडलो, आणि शेजारच्या आजोबांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

ताई, एक मनातलं सांगतो. एका दिवसात चार ठिकाणं करू नका. एकच घर धरा आणि सोप्याच्या कडेला दोन तास बसा. गुडघ्यांनाही ते सोयीचं, कारण सोपा उंच असतो, पाय खाली सोडून बसता येतं. उंबरे मात्र उंच आहेत, सासूबाईंचा हात धरा.

आमचा स्वतःचा वाडा २००९ मध्ये भावांच्या वाटणीत पाडला. मीच उतरवला, कारण दुसऱ्या कुणी तुळया नीट काढल्या नसत्या. बुकचोनमधली बरीच घरं जोंग से-ग्वोन नावाच्या एका बांधकामवाल्यानं १९२०-३० च्या सुमारास मोठ्या जागांचे तुकडे पाडून बांधली. लहान, मध्यमवर्गीयांना परवडतील अशी. वाटणी झाली तरी घराची जात बदलली नाही. ते बघून मी गल्लीत बराच वेळ उभा होतो.

ताकभात

मी दोन वर्षं तिकडं होते, शाकाहारी. फक्त खाण्याचं सांगते.

सोंगप्योन नक्की खा आणि करायलाही बसा. तांदळाच्या पिठाची उकड, आत तीळ, सोयाबीन किंवा चेस्टनटचं गोड सारण, अर्धचंद्राचा आकार, आणि पाइनच्या काट्यांवर वाफवायचं. सासूबाई उकडीचे मोदक वळत असतील तर तिथल्या बायका त्यांचा हात बघून थक्क होतील. वर सिख्ये प्या, तांदळाचं गोड थंड पेय.

किमची, म्हणजे त्यांचं आंबवलेल्या कोबीचं लोणचं, साधारणपणे शाकाहारी नसते, तिच्यात खारवलेली कोळंबी किंवा मासळीचं पाणी असतं. सूपही बहुतेक मासळीचंच. "मांस नको" म्हटलं तर मांस काढतात, मासळी राहते, म्हणून दोन्ही वेगळं सांगायचं. जोग्येसा मंदिराच्या परिसरात बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण शोधा. त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. आणि चुसॉकच्या दिवशी लहान हॉटेलं बंद असतात, आदल्या दिवशी काहीतरी घेऊन ठेवा. मेतकूट न्याच.

मंगळवारपेठकर_ताई

दोघांचे मनापासून आभार. चौकटदादा, तुमचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. खणाचं ऐकून त्या म्हणाल्या, "आमचा सोपा नऊ खणी होता." मग बराच वेळ माहेरच्या घराचं बोलत होत्या. चुसॉकला नामसानगोल ठरलं. जोंजूला सणाच्या गर्दीनंतर जाऊ. पायात काय घालावं?

चौकट_आणि_खण

कोल्हापुरीच घाला. प्रत्येक घरात सोप्याखालच्या दगडावर चपला काढाव्या लागतात, पट्ट्याच्या सँडलनं जीव जाईल. जोंजूची गाडी योंगसान स्टेशनवरून मिळते, पण सणाची तिकिटं खूप आधी संपतात.

आणि ताई, एक काम करा. दारं टेकवायच्या त्या लोखंडी कड्यांचा एक फोटो जवळून, खालून वर काढून आणा. माझे फोटो अंधारात आलेत. इथं एका सोप्याचं काम हातात आहे, त्याला तशीच दारं करायची आहेत.