मरियेला विनंती करणं बायबलमध्ये कुठे आहे? घरातल्या रोझरीवरून पडलेला प्रश्न

शरणपूरची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी शरणपूरच्या प्रोटेस्टंट घरातली, लग्न होऊन नाशिक रोडला कॅथलिक घरात आले त्याला तीन वर्षं झाली. सासरची माणसं खूप चांगली आहेत, तक्रार अजिबात नाही. पण रोज संध्याकाळी सगळे रोझरीला, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, बसले की मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते, कारण ‘नमो मरिया’ माझ्या तोंडातून निघतच नाही. लहानपणापासून संडेस्कूलमध्ये शिकलेय की देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू (१ तीमथ्य २:५), मग मरियेला विनंती कशासाठी? आईंना म्हणजे सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. एवढ्याने माझं समाधान होत नाही. आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की मरियेच्या स्वर्गोन्नयनाची, म्हणजे ती सदेह स्वर्गात घेतली गेली त्या सणाची, मिस्सा (चर्चमधली उपासना) असते, ते तर मला नव्या करारात कुठेच सापडलं नाही, सगळा चाळून झाला. मुलगी दीड वर्षाची आहे, आजीच्या मांडीवर बसून मणी ओढते, उद्या तिने विचारलं की आई तू का येत नाहीस तर मी काय सांगू? प्लीज भांडू नका, मला खरंच समजून घ्यायचंय.

कॅटेकिझमवाली_मावशी
ताई, किती मनापासून विचारलंय. मी बरीच वर्षं आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते. आधी रोझरीचंच बघू. ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, गॅब्रिएल दूताचा नमस्कार (१:२८) आणि मरियेची नातलग अलीशिबा हिचे शब्द (१:४२). दुसरा अर्धा, म्हणजे आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, तो नंतर जोडला गेला, १५६८ च्या रोमन प्रार्थनापुस्तकात आजच्या रूपात आला. त्यात सुद्धा आपण तिला तार म्हणत नाही, विनंती कर म्हणतो. आजारी पडलो की शेजारणीला नाही का सांगत, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून, तसंच. आराधना फक्त देवाची, मरियेला सन्मान, हा फरक चर्चने फार जुन्या काळापासून ठेवलाय. आमच्याच लोकांकडून कधी कधी तो पुसट होतो हे मला मान्य आहे, आणि ते मला खटकतं. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट लिहिलं की मरियेला ‘सह-उद्धारक’ म्हणणं योग्य नाही, उद्धार एकट्या ख्रिस्ताचा.

‘देवाची आई’ या नावाने पण पुष्कळांना धक्का बसतो. ते ४३१ मध्ये इफिससच्या बिशपांच्या परिषदेत ठरलं, आणि तेव्हा वाद मुळात येशूबद्दल होता, की मरियेच्या पोटी जन्मलेला खरोखर देव आहे की नाही. म्हणजे पदवी आईची असली तरी शिकवण मुलाबद्दलची. तुमच्या पाळकांना विचारा, त्यालाही बहुतेक ते नाही म्हणणार नाहीत.

वचनवाचक
ताई, मी तुमच्यासारखाच प्रोटेस्टंट. मावशींनी छान लिहिलंय पण मला दोन गोष्टी पटत नाहीत. शेजारीण समोर असते, तिला ऐकू येतं. मरिया स्वर्गातून एकाच वेळी हजारो लोकांचं ऐकते हे शास्त्रात कुठे लिहिलंय? प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये ती शिष्यांबरोबर प्रार्थना करताना दिसते आणि त्यानंतर तिचं नाव नव्या करारात येतच नाही, प्रेषित पौलाच्या पत्रांत येशूबद्दल ‘स्त्रीपासून जन्मलेला’ एवढाच उल्लेख. इतकं महत्त्वाचं असतं तर पौल गप्प बसला असता का.

दुसरं म्हणजे तारखा बघा. मरिया स्वतः पापाशिवाय गर्भात आली हा सिद्धांत १८५४ चा, सदेह स्वर्गात घेतली गेली हा १९५० चा. थॉमस अक्वायनससारख्या कॅथलिकांच्याच थोर धर्मपंडिताला पहिला सिद्धांत मान्य नव्हता. मग जे अठराशे वर्षं मानलं नाही तरी चालत होतं ते अचानक सक्तीचं कसं झालं? मार्क ७ मध्ये येशू माणसांच्या परंपरेबद्दल काय बोलला ते वाचा. मरियेचा मान मी अजिबात कमी करत नाही, लूक १:४८ मध्ये सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील असं तीच म्हणाली आणि आमच्या चर्चमध्ये आम्ही ते ख्रिसमसच्या चार दिवसांपुरतंच आठवतो ही आमचीच चूक आहे.

गोदाकाठ
मी मधलाच माणूस, आई कॅथलिक आणि वडील प्रोटेस्टंट, त्यामुळे हा वाद आमच्या जेवणाच्या ताटावर वाढलेला असायचा. एक साधी गोष्ट सांगतो. नाशिकच्या कॅथेड्रलला नाव कोणाचं आहे? सेंट अॅनचं, मरियेच्या आईचं. आता अख्ख्या बायबलमध्ये शोधा, मरियेच्या आईचं नाव मिळणार नाही. ते दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या लिखाणातून आलं जे बायबलमध्ये घेतलंच गेलं नाही, आणि तरी नाव टिकलं. माझ्या आईला यात काही अडचण वाटत नव्हती, वडील म्हणायचे नाव ठेवा, पण त्यावर श्रद्धा ठेवा असं मला सांगू नका. माझ्या मते खरा फरक तिथेच आहे. आठवण जपणं वेगळं आणि ती सगळ्यांवर बंधनकारक करणं वेगळं.

पण वडिलांना मी एक प्रश्न विचारायचो ज्याचं सोपं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. नव्या करारात २७ पुस्तकं आहेत ही यादी बायबलच्या कुठल्या पानावर आहे? नाहीच. आज आहे तीच २७ पुस्तकांची यादी आपल्याला पहिल्यांदा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७ च्या पत्रात दिसते. म्हणजे शास्त्र हातात घेतलं तेव्हाच थोडी परंपरा पण हातात आली. वडील म्हणायचे, चर्चने ती पुस्तकं ओळखली, घडवली नाहीत, सोनार सोनं ओळखतो पण ते बनवत नाही. मला ते आजही आवडतं, फक्त मग सोनाराच्या डोळ्यावर थोडा तरी विश्वास ठेवावा लागतो.

आणि ‘येशूचे भाऊ’ यावरून कोणी भांडण काढायच्या आधी सांगतो. मार्क ६:३ मध्ये चार नावं आहेत. कॅथलिक म्हणतात नात्यातले भाऊ, आपल्याकडे चुलत, मामे, मावस सगळे भाऊच असतात तसे. प्रोटेस्टंट म्हणतात ग्रीकमध्ये चुलत-मावस भावासाठी वेगळा शब्द आहे आणि पौलाने तो कलस्सै ४:१० मध्ये वापरलाय. दोन्हीत दम आहे. पण मजा बघा, मरिया कायम कुमारीच राहिली हे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर स्वतः पण मानायचा.

कॅटेकिझमवाली_मावशी
@वचनवाचक भाऊ, १९५० बद्दल एवढंच की तो विश्वास तेव्हा जन्मला नाही, सण त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून पाळला जात होता. पोपने १९४६ मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र लिहून विचारलं की तुमचे लोक हे मानतात का, बहुतेकांनी हो सांगितलं, मग जाहीर केलं. आम्ही शास्त्र आणि परंपरा दोन वेगळ्या विहिरी मानत नाही, झरा एकच. २ थेस्सल १५ मध्ये, चुकले, २:१५ मध्ये पौल तोंडी शिकवलेलं पण धरून ठेवा म्हणतोच ना. तरी सदेह स्वर्गात गेल्याचं थेट वचन दाखवा म्हणाल तर माझ्याकडे नाही, ते मी वर्गातल्या मुलांनाही लपवत नाही.

ताई, तुमच्या सासूबाईंचं उत्तर तुम्हाला अपुरं वाटलं, पण आईने शिकवलं, तिला तिच्या आईने, हीच परंपरा या शब्दाची सगळ्यात साधी व्याख्या आहे. बरोबर की चूक ते तुम्ही तपासा, पण त्यांनी टाळाटाळ केली असं समजू नका.

वचनवाचक
मावशी, थेट वचन नाही हे तुम्ही सरळ सांगितलंत त्याबद्दल आदर वाटला. झऱ्याबद्दल मी सहमत नाही पण तुमच्याकडून शिकलो.

शरणपूरची_लेक
सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं. काल संध्याकाळी मी पहिल्यांदा आईंच्या शेजारी जाऊन बसले. लूकमधला अर्धा भाग मोठ्याने म्हटला आणि पुढे गप्प राहिले. पहिल्या दहा मण्यांनंतर आईंच्या लक्षात आलं, काहीच बोलल्या नाहीत, नंतर जेवताना म्हणाल्या तुझ्या घरी बायबलमधली काना गावच्या लग्नाची गोष्ट कशी सांगायचे ते सांग बरं. मी सांगितली, मरिया नोकरांना म्हणते हा तुम्हाला जे काही सांगेल ते करा, तिथपर्यंत आले आणि आईंनी ते वाक्य माझ्याबरोबर म्हटलं. १५ ऑगस्टचं मला अजून पटलेलं नाही, ते मी त्यांना सांगितलंय. मावशी, तो सण आधीपासून होता म्हणालात तर साधारण कुठल्या शतकापासून, आणि पहिल्यांदा कुठे, ते सवडीने लिहाल का?