झेरॉक्स मशीनचं कंपनी ट्रेनिंग फक्त डीलरच्याच पोरांना का?

फोंड्याचा मेकॅनिक:
मी सेकंडहँड इम्पोर्ट मशिनी बघतो, वकिलांची ऑफिसं, शाळा, झेरॉक्सची दुकानं. वॉरंटी नि एएमसी (वर्षाचा देखभाल करार) संपली की डीलर फिरकत नाही, मग आम्हालाच फोन येतो, पण ट्रेनिंगला आम्हाला दार बंद. मॅन्युअल म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी अर्धवट पीडीएफ. फी घ्या, परीक्षा घ्या, नापास करा, पण बसू तरी द्या!

म्हापसा, डीलरकडे नोकरी:
नाही पटलं. फ्युजरचंच घ्या, म्हणजे टोनरची (शाईची) पूड तापवून कागदावर चिकटवणारा भाग. रिको कंपनीच्या मशीनवर एससी ५४२ हा एरर कोड आला म्हणजे फ्युजर ठरलेल्या वेळेत तापत नाहीय, तापमान मोजणारा थर्मिस्टर नाहीतर हीटर गेलेला असू शकतो, म्हणून मशीन स्वतःला लॉक करतं. सर्व्हिस मोडमधून, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या आतल्या मेनूतून, तो कोड पुसता येतो, आणि कारण न शोधता नुसता पुसणारे मी बघितलेत. एका मशीनमध्ये तर जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅट काढून तिथे सरळ वायर जोडलेली होती, आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. आग लागली असती तर जबाबदार कोण?

फोंड्याचा मेकॅनिक:
अहो मग मी दुसरं काय म्हणतोय, ज्याला कोणी शिकवलंच नाही तो असलंच करणार ना.

पणजी, ऑफिस अ‍ॅडमिन:
मी मशीन वापरणारी, माझं ऐका. पावसाळ्यात प्रिंट फिकट, मधे मधे पांढरे डाग, वर जाम. सर्टिफिकेटवाला मुलगा आला, ड्रम (ज्यावरून टोनर कागदावर उतरतो तो रोलर) बदलला, बिल लावलं, आठवड्यात परत तेच. मग मार्केटजवळच्या एका वयस्कर मेकॅनिकला बोलावलं, त्यांनी ट्रे ओढला, वरचा कागद दोन बोटांत धरून हलवला तर आवाजच नाही, मऊ पडलेला. नवीन रिम फोडून घातली आणि प्रिंट स्वच्छ. दमट कागदात चार्ज टिकत नाही म्हणून टोनर ड्रमवरून नीट उतरत नाही, हे त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. बाहेरगावच्या एसी क्लासात गोव्याचा जुलै कोण शिकवणार?

म्हापसा, डीलरकडे नोकरी:
मॅडम, शिकवतात. बऱ्याच मॉडेलना ट्रेजवळ हीटर बसवता येतो, तो दमट हवेसाठीच असतो, मशीन बंद असतानाही चालू राहतो म्हणून प्लग काढायचा नसतो. आपल्याकडे संध्याकाळी मेन स्विच पाडून घरी जातात, हीटर असून नसल्यासारखा. हे मला ट्रेनिंगमध्येच कळलं. त्या मुलाने आधी कागद बघायला हवा होता हे मात्र खरं.

मडगाव, आधी डीलरकडे होतो:
शिकवलेला पोरगा सोडून जाईल या भीतीने डीलर एकालाच पाठवतो, तो येऊन बाकीच्यांना तोंडी सांगतो, त्यात निम्मं गळतं. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअरवर, म्हणजे आपली वस्तू हवी तिथे दुरुस्त करून घेण्याच्या हक्कावर, समिती नेमली, शेती अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं, गाड्या यांची नावं पुढे आली, ऑफिसच्या कॉपियरचं कोणी बोलतच नाही. निदान फ्युजर आणि हाय व्होल्टेजची सेफ्टी तरी कंपन्यांनी आयटीआयमध्ये येऊन शिकवावी.

म्हापसा, डीलरकडे नोकरी:
सेफ्टी सगळ्यांना शिकवा, मान्य. सर्व्हिस मोड मात्र नाही. मशीनच्या हार्ड डिस्कवर क्लायंटचे स्कॅन असतात, वकिलाच्या ऑफिसात ते कुणाच्याही हातात कसे द्यायचे?

फोंड्याचा मेकॅनिक:
मग डिस्कला वेगळा पासवर्ड ठेवा की. मी थर्मिस्टर नीट बदलला तरी ५४२ सर्व्हिस मोडमध्ये गेल्याशिवाय जात नाही, मग सेफ्टी शिकून मशीन चालू कसं करू, सांगा.