रोजच्या वापरासाठी जाड, घुमटाकार अंगठी : निवडीबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. वय ४३. दागिन्यांची हौस मला कधीच फारशी नव्हती. मंगळसूत्र, कानात कुड्या आणि हातात दोन-दोन बांगड्या एवढ्यावर इतकी वर्षे निभावली. गेल्या दिवाळीत मात्र एका मैत्रिणीच्या बोटात वरून फुगीर, गुळगुळीत, खडा किंवा नक्षी काहीही नसलेली जाडजूड अंगठी पाहिली आणि ती मनातून जाईना. बाजारात हिला ‘डोम रिंग’ म्हणतात. माझी मुलगी हिला सरळ ‘गोलघुमट’ म्हणते, आणि विजापूर आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवरच असल्यामुळे ही उपमा घरात लगेच रुजली.

उत्साहाच्या भरात मी ऑनलाइन एक अंगठी मागवली. पितळेवर सोन्याचे पाणी दिलेली, वरचा घुमट साधारण १२ मिलीमीटर रुंद आणि चांगलाच उंच, तळहाताच्या बाजूला मात्र जेमतेम २ मिलीमीटरची पट्टी. पहिले दोन दिवस वर्गात फळ्यावर लिहितानाही माझेच लक्ष बोटाकडे जात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीची भाकरी थापताना ती काढायची राहिली. पहिली भाकरी तव्यावर टाकायला उचलली, तर तिच्यावर एकाच बाजूला ओळीने पाच-सहा खळगे उमटलेले, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढा. हात उलटा करून पाहिला, तेव्हा घुमट फिरून तळहाताकडे आला होता आणि त्याच्या पोकळ पोटात कडेकडेने पीठ भरले होते. खळग्यांच्या जागी पापुद्रा धरलाच नाही, त्यामुळे ती भाकरी फुगली नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती भाकरी फक्त माझ्याच ताटात वाढली.

त्यानंतर तीन आठवड्यांत खालच्या पट्टीवरचे सोनेरी पाणी उडाले आणि बोटावर हिरवट कडे उमटू लागले. विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा घामामुळे असे होते आणि ते बदलून देण्याच्या अटींत बसत नाही, असे उत्तर आले. सोलापुरात राहून घाम टाळायचा कसा, हे त्यांनी कळवले नाही.

तरीही मला ही अंगठी हवीच आहे, आणि ती कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, तर रोज घालण्यासाठी. माझा दिवस साधारण असा असतो : सकाळी स्वयंपाक, नंतर दुचाकीवरून कॉलेज (उन्हाळ्यात हातमोजे घालून, कारण एप्रिल-मेमध्ये त्याशिवाय हँडल धरवत नाही), दिवसभर खडू आणि संगणक, संध्याकाळी पुन्हा भांडी आणि पाणी. माझी बोटे आखूड आहेत. सांधे जाड असून त्यांच्या खाली बोट बारीक होते. मूळची अंगठी मी दोऱ्याने माप घेऊन मागवली होती. १४ नंबर आला होता. अनामिकेत लग्नातले साधे, बारीक सोन्याचे वेढे आहे आणि ते मला काढायचे नाही.

माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. आईच्या मोडलेल्या कुड्या आणि एक झिजलेली अंगठी मिळून साधारण ५ ग्रॅम सोने घरात पडून आहे. ते मोडीत देऊन त्याची पोकळ घुमटाकार अंगठी घडवून घ्यावी, हा एक. दुसरा, भरीव चांदीची घ्यावी. घरातल्या सर्वांचे मत सोन्याच्या बाजूने आहे, कारण ‘एवढी मोठी अंगठी आणि चांदीची?’ असा त्यांचा सूर आहे. मला मात्र खरी भीती धातूची नसून अंगठी पुन्हा फिरण्याची आहे. घुमट किती उंच असावा, माप कसे घ्यावे, कोणत्या बोटात घालावी आणि बांगड्या व वेढे यांच्याबरोबर ती शोभेल की हात नुसताच भरलेला दिसेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, नमस्कार. आमच्या घरी दोन पिढ्या सोनारकाम झाले. मी स्वतः आता बसत नाही, पण हात विसरलेला नाही. आमचे वडील गिऱ्हाइकाला म्हणायचे, “वरून काय बघताव, उलटी करून बघा की.” तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

तुमची अंगठी फिरली, याला दोन कारणे एकत्र आली. सर्व वजन वरच्या घुमटात होते आणि खालची पट्टी नावापुरती होती, त्यामुळे अंगठी जरा सैल पडताच जड बाजू खाली येणारच. दुसरे म्हणजे, जी अंगठी तुमच्या जाड सांध्यावरून उतरते, ती खाली बारीक बोटावर सैलच राहणार. यावर माप कमी करणे हा उपाय नव्हे, कारण मग ती सांध्यावर अडकेल. आतल्या बाजूला खालच्या अंगाला दोन छोटे, गुळगुळीत मणी डागून (म्हणजे तापवून जोडून) घ्यावेत. सांधा ओलांडताना ते थोडे टोचतात, पण एकदा अंगठी बसली की फिरत नाही. खालची पट्टी किमान ४ मिलीमीटर रुंद ठेवावी आणि घुमट हळूहळू उतरत तिला मिळावा. घुमटाची उंची बोटाच्या पाठीपासून ३ ते ४ मिलीमीटरपेक्षा जास्त नको. त्याहून उंच गेलात, की हातमोज्यात बोट शिरणार नाही आणि ड्रॉवरच्या कडेला रोज ठोकर बसेल.

मापाबद्दल. आपल्याकडे १४ नंबर म्हणजे आतला घेर साधारण ५४ मिलीमीटर, आणि पुढचा प्रत्येक नंबर सुमारे एक मिलीमीटरने वाढतो. दोऱ्याने घेतलेले माप बारीक वेढ्यासाठी चालून जाते. रुंद अंगठी बोटाचा जास्त भाग व्यापते, म्हणून तिला एक, क्वचित दोन नंबर मोठे माप लागते. सराफाकडे मापाच्या कड्यांचा जुडगा असतो, त्यात रुंद पट्टीचा वेगळा जुडगाही काहींकडे मिळतो; तोच मागा. माप सकाळी गार हाताने देऊ नका, संध्याकाळी द्या, आणि शक्य असेल तर उन्हातून आल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी द्या. आपल्या गावात मे महिन्यातले बोट आणि डिसेंबरातले बोट एक नसते.

आता सोने की चांदी. २२ कॅरेट सोने चांदीच्या पावणेदोन पट जड असते. जी भरीव अंगठी ९२५ चांदीत (म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी) ८ ग्रॅम भरेल, तीच २२ कॅरेटमध्ये साडेतेरा ग्रॅमच्या आसपास जाईल. तुमच्या ५ ग्रॅममध्ये हा आकार फक्त पोकळ होईल, आणि पत्रा इतका पातळ निघेल की दुचाकीचे हँडल आणि कुकरचे झाकण यांच्यामध्ये तो महिन्याभरात चेपेल. भरीव अंगठी चेपली तर ठोकून सरळ करता येते; पोकळीत पोचा आला, तर आतून आधार देता येत नाही, म्हणून तो निघता निघत नाही. पूर्वी पोकळ मण्यांत लाख भरत, ती याचसाठी. पोकळ अंगठीचे माप पुढे वाढवायचे म्हटले, तरी डाग देताना पत्रा जळण्याची धास्ती असते. माझे स्पष्ट मत असे आहे की आईचे सोने तूर्त तसेच राहू द्यावे. चांदीची भरीव घ्यावी, वर्षभर वापरावी, आपले माप आणि आपली सवय कळू द्यावी.

पुढेमागे सोन्याची केलीतच, तर १८ कॅरेटचा विचार करा. ती २२ कॅरेटपेक्षा कठीण असते आणि चरे कमी पडतात. हॉलमार्कबरोबर शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०) आणि अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहून घ्या. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. मोडीचा घट (जुने सोने वितळवताना कमी होणारे वजन) आणि घडणावळ यांचे आकडे कामाला हात लावण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावेत. हे मी स्वतः सोनार असून सांगतो आहे.

प्रतिसाद २

मी रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून दागिन्यापेक्षा बोटाबद्दल लिहिते. रुंद अंगठीखाली साबण आणि ओल अडकून राहते व कातडी पांढरी पडून खाजू लागते. पुष्कळ जण त्याला धातूची ॲलर्जी समजतात. भांडी झाल्यावर अंगठी काढून बोट आणि अंगठी दोन्ही कोरडी करावीत, आणि रात्री ती घालून झोपू नये. अडकली तर ओढाताण करू नका. हात काही मिनिटे डोक्याच्या वर धरा, गार पाण्यात बुडवा, साबण लावा आणि फिरवत फिरवत काढा. तरीही निघाली नाही, बोट निळसर पडू लागले किंवा बधिर झाले, तर वाट न पाहता दवाखान्यात जाऊन ती कापून घ्यावी.

प्रतिसाद ३

शोभण्याबद्दल मला थोडे सांगता येईल, कारण मी अशा दोन अंगठ्या गेली काही वर्षे वापरते आहे आणि माझीही बोटे आखूडच आहेत. आखूड बोटाला जाड अंगठी शोभत नाही, हा समज मला मान्य नाही. खरी अडचण रुंदीची असते. अंगठीची वरची कड आणि सांधा यांच्यामध्ये थोडी कातडी दिसत राहिली, की बोट तुटल्यासारखे दिसत नाही. तुम्ही १२ मिलीमीटर घेतली होती. ८ किंवा ९ पुरे आहे. वेढे डाव्या अनामिकेत असेल, तर घुमट त्याच हाताच्या तर्जनीत घाला. मध्ये मध्यमा मोकळी राहते, दोन्ही अंगठ्या एकमेकींवर घासत नाहीत आणि मऊ सोन्याच्या वेढ्यावर चरे पडत नाहीत. डावाच हात यासाठी, की उजव्या हाताने तुम्ही खडू धरता आणि दुचाकीची मूठ पिळता.

बांगड्यांचा प्रश्न मला तितका गंभीर वाटत नाही. घुमट गुळगुळीत असल्यामुळे तोच सर्वांत निवांत दागिना ठरतो; खड्याच्या अंगठीची टोके जशी साडीच्या जरीत अडकतात, तसे याचे काही होत नाही. त्या हातात एकच बांगडी किंवा घड्याळ ठेवा, बाकीच्या दुसऱ्या हातात जाऊ द्या. इरकलीसारख्या ठसठशीत काठाच्या साडीवर चांदीचा मोठा घुमट फार देखणा दिसतो. सोने आणि चांदी एका हातात चालत नाही, असे घरातले म्हणतील, म्हणू द्या. फक्त काळपट झिलईची चांदी घेऊ नका, कारण घुमटाचा माथा रोज घासून उजळतो आणि काळेपणा कडांना उरून अंगठी मळकट दिसू लागते.

धागालेखिकेचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी कॉलेजमधून थेट सराफ कट्ट्यावर गेले. रुंद पट्टीच्या जुडग्यात तर्जनीला १६ नंबर बसला. दोऱ्याच्या १४ वर विसंबून मी किती चुकले असते, हे तिथेच कळले. तयार अंगठ्यांपैकी तीन पाहिल्या आणि तिन्ही आधी उलट्या करून पाहिल्या, तेव्हा दुकानदार हसून म्हणाले, “मॅडम, तुम्हाला कोणीतरी शिकवून पाठवलंय.” शेवटी ९ मिलीमीटर रुंद, खाली ४ मिलीमीटर पट्टी असलेली ९२५ चांदीची अंगठी सांगून आले. वजन ९ ग्रॅमच्या आसपास होईल. आत दोन मणी बसवून देणार आहेत. घुमटाचे पोट मात्र पूर्ण भरीव नाही. आतून किंचित खोलगट ठेवतो, म्हणजे बोटाला हवा लागते आणि वजनही आटोक्यात राहते, असे त्यांचे म्हणणे पडले. हे बरोबर आहे का, की मला पुन्हा पिठाचीच काळजी करावी लागेल?

प्रतिसाद १

बरोबर आहे, ताई. खोलगटपणा उथळ आणि आतून घासून गुळगुळीत केलेला असेल, तर हरकत नाही. बोट फिरवून कुठे कंगोरा लागतो का, तेवढे घेताना पाहा. कडाही आतून गोलसर करून मागा. खडूची भुकटी आणि साबण तिथे बसणारच, म्हणून आठवड्यातून एकदा रिठ्याच्या कोमट पाण्यात ठेवून मऊ ब्रशने साफ करावी आणि लगेच पुसावी. भाकरी थापताना मात्र ती काढूनच ठेवा. परातीजवळ एक वाटी ठरवून ठेवा, नाहीतर ती पिठाच्या डब्यात सापडेल. आमच्या घरी तसे एकदा झाले आहे.